अण्णाच्या नावावरचं रगत

भीमाशंकर कशाला भीत नाही, असं भालकीजवळच्या मेहकरात कुणीही सांगेल. तरणा असताना बापाची मेंढरं घेऊन तो माळावर एकटा राहायचा आणि लांडगा आला तर काठी घेऊन त्याच्या मागं लागायचा, हे सगळं खरं आहे. पण लांडगा दिसतो हो. काठीनं हाणता येतो. जे दिसत नाही, हाणता येत नाही आणि आपल्याच अंगात कुठं दडून बसलंय ते कळत नाही, त्याला भिणं काय असतं हे त्याला साठी उलटल्यावर समजलं. आणि असं समजलं की गडी पार ढिला पडला.

झालं होतं असं. गेल्या साली त्याची लघवी अडायला लागली. चार महिने त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टी बाप्या माणसानं सांगायच्या कुणाला? शेवटी एका सकाळी लघवीत रक्त दिसलं, ते बायकोनं, पद्माबाईनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरानं त्याला कलबुर्गीला नेऊन उभं केलं. पोरगा अनिलकुमार तिथल्याच एका डाळ मिलमध्ये कामाला आहे. दवाखान्यातले डॉक्टर महादेवप्पा शांत माणूस. कानडी बोलत, मधेच मराठी बोलत, आणि भीमाशंकरला दोन्ही समजत असल्यानं पळवाट नव्हती. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, त्यांनी सांगितलं. लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, बाप्यांनाच असते, ती पुरतीच काढून टाकू. काढली. ऑपरेशन चांगलं झालं. नळी निघाली, टाके सुकले, भीमाशंकर घरी आला.

घरी आल्यावरचं कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. खोकला आला की धोतर ओलं, शिंक आली की ओलं, बसलेला माणूस उठला की ओलं. पोरानं पॅड आणून दिले, तान्ह्या पोरांना बांधतात तसले, आणि साठ वर्षांचा भीमाशंकर ते घालताना दार लावून घ्यायचा आणि आत रडायचा. मारुतीच्या पारावर बसणं त्यानं सोडलं. डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला होता, लघवी अडवून धरल्यासारखं आतून आवळायचं आणि सोडायचं. तो तेवढा नेमानं करायचा, बाजेवर बसून, तोंड कसंतरी करून. पद्माबाई भाकरी थापता थापता बघायची.

"आवं, तोंड कामून असं करायलाव? चहा कडू झालाय का?"

"तू भाकरीकडं बघ."

"भाकर फुगली माझी. तुमचंच काय फुगलंय ते बघायले."

तो हसायचा. हसला की ओलं व्हायचं. मग दोघंही हसायची. हे सगळं सहन होण्यासारखं होतं, आणि हळूहळू कमीही होत होतं. पावसाळा सरता सरता तो दिवसभर कोरडा राहू लागला.

सहन होत नव्हतं ते दुसरंच. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, की दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायचं. पीएसए म्हणतात त्याला. ते त्या ग्रंथीतूनच रक्तात उतरतं. आता ग्रंथीच नाही म्हटल्यावर आकडा शून्याच्या जवळ पाहिजे. "शेत नांगरून साफ केलंय," डॉक्टर म्हणाले, "पण कुठं एखादं बी राहिलं असलं तर ते आधी रक्तात दिसतं. म्हणून बघत राहायचं."

पहिल्या तपासणीत काही नव्हतं. दुसऱ्या तपासणीत बारीकसा आकडा आला. अगदी बारीक. डॉक्टर म्हणाले, इतकं चालतं, घाबरू नका, पुढच्या वेळी बघू.

बघू. हा एक शब्द भीमाशंकरच्या काळजात जाऊन बसला. जेवताना बघू, झोपताना बघू, तुरीला पाणी देताना बघू.

त्यात अंकुशरावाचं झालं. अंकुशराव बसवकल्याणचा भुसारमालाचा व्यापारी, दवाखान्यात भीमाशंकरच्या शेजारच्या खाटेवर होता. तेच दुखणं, तेच ऑपरेशन. मोठा बोलका माणूस, नर्सबायांना हसवायचा. घरी गेल्यावरही फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय भीमाशंकरराव, कोरडे का ओले?" मग एकदा फोनवर म्हणाला, आकडा वाढलाय म्हणतात. पुढं म्हणाला, हाडात उतरलंय म्हणतात. मग त्याच्या फोनवरून त्याचा पोरगाच बोलला. भीमाशंकर मातीला जाऊन आला. परत आल्यावर त्यानं पद्माबाईला एवढंच सांगितलं, की माणूस केवढासा झाला होता गं. आणि तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं, की अंकुशराव दुखण्यानं मेला नाही, तपासणीनं मेला. तपासलं नसतं तर आकडा आला नसता. आता ह्याला काय म्हणावं? शहाणा माणूस, पंचाईतीत चार लोकांना अक्कल सांगणारा. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. तुमचं चालत नाही का?

तिसऱ्या तपासणीचा महिना आला. भालकीच्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आकडा परस्पर अनिलकुमारच्या फोनवर यायचा. म्हणजे कलबुर्गीला जायचंही कारण नाही. तरी भीमाशंकर आज तूर काढायची आहे म्हणायचा, उद्या पाहुण्यांकडं लग्न आहे म्हणायचा, परवा अंग कसकस करतंय म्हणायचा. शेवटी पद्माबाईनं परात पालथी घातली.

"रगत देऊन या. तवर ह्या घरात भाकर न्हाई."

"अगं, पण..."

"पण न्हाई न् बिण न्हाई. माझं कुंकू हाय ते. तुमच्या एकट्याचं न्हाई."

त्या दिवशी तो वस्तीवर सिद्धूच्या गोठ्यात जाऊन बसला. सिद्धू त्याचा धाकटा भाऊ, पाच-सहा वर्षांनी लहान. अंगानं दणकट, पोटात पाप नाही, डोक्यात फारसं काही नाही. बापाच्या कळपातली उरलेली थोडी मेंढरं तोच सांभाळतो. समोर मेंढरं रवंथ करत बसली होती, आणि त्यांच्याकडं बघता बघता भीमाशंकरला एक गोष्ट आठवली.

पूर्वी सरकारी जनावरांचा डॉक्टर मेंढरांचं रक्त तपासायला यायचा. सगळ्या कळपाचं कोण घेत बसतंय? दोन-चार मेंढरांचं घ्यायचा आणि त्यावरून कळपाचं ठरवायचा. रोग निघाला तर बाजार बंद, चराई बंद. म्हणून सगळे धनगर एक करायचे. डॉक्टर आला की कळपातला सगळ्यात टणटणीत मेंढा धरून पुढं ढकलायचे. हाच घ्या साहेब, हा जवळ हाय. खुरडणारी, नाक गळणारी मेंढी मागं काट्याच्या आड. त्यात कुणाला पाप वाटत नसे. एकाच कळपाचं, एकाच माळावरचं, रगत तेच की.

सिद्धू तेवढ्यात पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आला. पंचावन्न वर्षांचा गडी, आणि भरलेली घागर एका हातानं उतरवली.

भीमाशंकर त्याच्याकडं बघत राहिला.

"काय बघायलास अण्णा?"

"काय न्हाई. उद्या भालकीला चल माझ्यासंगं. मला रगत द्यायचंय. तुझी पण साखर बघून घेऊ. आपल्या बापाला साखर व्हती, तुला पण असंल."

"मला काय हुतंय?"

"चल म्हणलं की चल."

"बरं," सिद्धू म्हणाला. अण्णानं चल म्हटल्यावर कुठं आणि कशाला हे त्यानं जन्मात विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भालकीत काय झालं ते सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि करायलाही तेवढीच लागली. भीमाशंकरनं काउंटरवर आपलं नाव सांगितलं, तपासणी सांगितली आणि सिद्धू रस्त्यावर पान खाऊन येईपर्यंत बाकावर बसून राहिला. आतून बाईनं हाक मारली, भीमाशंकर कोण? सिद्धूनं भावाकडं बघितलं. भीमाशंकर म्हणाला, "जा, तूच जा. सगळं माझ्याच नावावर लावलंय." सिद्धूला त्यात काही नवल वाटलं नाही. त्या घरातलं सगळंच अण्णाच्या नावावर होतं, शेत, रेशन, लाइटचं मीटर. कुठल्याही कचेरीत भीमाशंकर म्हणून हाक आली की दोघांतला जो जवळ असेल तो उठायचा. सिद्धू उठला, आत गेला, बाही वर केली. थोड्या वेळानं कापूस दाबत हसत बाहेर आला.

"मुंगी चावल्यावानी बी न्हाई झालं. जा, तू जा आता."

"माझं मगाच झालं, तू रस्त्यावर पान खायला गेलतास तवा," भीमाशंकर म्हणाला.

त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी गाढ झोपला. अनिलचा फोन येईल, चांगला आकडा आहे म्हणेल, पद्मा साखर वाटेल आणि पुढचे तीन-चार महिने कुणी बघू म्हणणार नाही. सिद्धूला त्यानं सांगूनही टाकलं, तुझी साखर बरी हाय म्हणे. सिद्धूनं त्या आनंदात चहात दोन चमचे जास्त घातले.

फोन आला तो दुपारी, जेवणं चालली असताना. पद्माबाईनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"अप्पा," अनिलकुमारचा आवाज चिरकत होता. "अप्पा, चौदा आलंय."

"चौदा म्हणजे रं?"

"म्हणजे लई वाढलंय. डॉक्टर म्हणायलेत शून्याजवळ पाहिजे व्हतं. एवढ्यात एवढं कसं वाढलं म्हणून ते सोता हैराण झालेत. उद्याच्या उद्या या म्हणलेत. पुन्हा रगत घेणार, मग हाडाचं स्कॅन, मग इंजेक्शनं... अप्पा, तुमी ऐकायलाव का?"

पद्माबाई मटकन खाली बसली. ताटाला हात लागून आमटी सांडली, ती जमिनीवर पसरत गेली तरी कुणी उठलं नाही. आणि भीमाशंकर? त्याला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, कारण ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. त्याला हायसं वाटलं. हे माझं न्हाई. एवढंच त्याच्या मनात आलं, आणि सगळ्या अंगातून थंडगार वारं गेल्यागत झालं.

मग दुसरा विचार आला. माझं न्हाई, तर कुणाचं?

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. ज्याच्या अंगात ग्रंथी आहे त्याचा आकडा थोडा असतोच, हे डॉक्टरांनी त्याला सुरुवातीलाच समजावलं होतं. थोडा. चारपर्यंत ठीक म्हणाले होते. त्याचा स्वतःचा आजार सापडला तेव्हा अकरा होता. अकरावर त्याला कापला होता. सिद्धूचा चौदा.

बातमी वस्तीवर पोचायला कितीसा वेळ? सिद्धू धावत आला, पायात चप्पल नाही, डोक्यावर टापर नाही. येऊन भावासमोर उकिडवा बसला आणि त्याचे गुडघे धरून लहान पोरासारखा रडू लागला.

"अण्णा, तू भिऊ नको. काय लागंल ते माझं घेऊ दे. रगत घेऊ दे, गुर्दा घेऊ दे. मला काय झालंय? मी दणकट हाय."

भीमाशंकरनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सांगू कसं? सांगायचं म्हणजे आधी सांगायचं की तुला फसवून तुझं रक्त दिलं. मग सांगायचं की त्यात चौदा निघालंय. आणि मग आपणही बाही वर करून आत जायचं, ज्यासाठी एवढं सगळं केलं. एका तोंडातून तीन गोष्टी निघणार कशा? त्यातली एकही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ कलबुर्गीच्या गाडीत बसले. पद्माबाईला घरी ठेवलं होतं, तिचं रडणं थांबत नव्हतं. सिद्धूनं पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, अण्णाला खिडकी दिली, खिडकीतून वारं येतंय म्हणून अण्णाच्या कानाला मफलर गुंडाळला. हुमनाबादला गाडी थांबली. सिद्धू लघवीला गेला.

भीमाशंकर खिडकीतून बघत होता. सिद्धू भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शेजारी माणसं येत होती, जात होती. सिद्धू उभाच. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा तो धोतर सावरत पळत आला.

"येवढा वेळ?"

"वय झालं की अण्णा. येती, थांबती, येती. वरीस झालं असंल."

"मग सांगितलं न्हाईस कामून?"

"काय सांगायचं त्यात?" सिद्धू हसला. "तुझंच येवढं चाललेलं. मी कुठं माझं रडगाणं गाऊ?"

भीमाशंकरला दरदरून घाम फुटला. मफलर सोडून त्यानं हातात धरला. काय सांगायचं त्यात, असंच तोही गेल्या साली मनात म्हणत होता. कमलापूरला सिद्धूनं खिडकीतूनच तांबडी केळी घेतली आणि सोलून अण्णाच्या हातात दिली. अण्णाला एकही घास गिळवला नाही. गाडीत पुढं बसलेल्या एका बाईचं पोर सारखं मागं वळून त्याच्याकडं बघत होतं, आणि भीमाशंकरला वाटत होतं की ह्या पोराला सगळं ठाऊक आहे.

आता सांगू, असं त्यानं गाडीत ठरवलं. रिक्षात ठरवलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ठरवलं. पण वर अनिलकुमार उभा होता, डोळे सुजलेले, आणि त्यानं बापाला थेट रक्त घेण्याच्या खोलीतच नेलं. ह्या वेळी बाही भीमाशंकरचीच वर झाली. सुई आत गेली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. त्याचं स्वतःचं रक्त नळीत चढलं, काळपट, आणि त्याच्या मनात एकच चाललं होतं, आता माझं बी निघणार. भावाला फसवलं त्याचं देव आता माझ्या अंगातून वसूल करणार.

तो दिवस आणि ती रात्र त्यांनी अनिलकुमारच्या खोलीवर काढली. सिद्धू गाणगापूरच्या दत्ताला नवस बोलला, अण्णाचं बरं होऊ दे, चालत येतो. भीमाशंकरनं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. देवालाही बिचाऱ्या सिद्धूनं चुकीचंच नाव सांगितलं होतं. तो चूक करत नव्हता, त्याच्याकडून करवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर महादेवप्पांनी तिघांनाही आत बोलावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. किती महिन्यांनी भीमाशंकरला पुन्हा ओलं झाल्यासारखं वाटलं.

"बसा हो," डॉक्टर म्हणाले. "तुमचा आकडा मागच्या वेळी होता तेवढाच आहे. तसूभर हललेला नाही. सगळं ठीक आहे."

अनिलकुमारला आधी कळलंच नाही. "म्हणजे? मग चौदा?"

"ते ह्यांचं नव्हतंच. असूच शकत नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असेल कुठंतरी, होतं कधीकधी. मी कळवतो तिथं." डॉक्टर जरा थांबले. "मला काळजी वेगळीच वाटते. ते रक्त कुणाचं तरी आहे. चौदा घेऊन तो माणूस कुठंतरी हिंडतोय, आणि त्याला पत्ता नाही. आज धरलं तर कदाचित सगळं निभावेल. वर्षानं धरलं तर सांगता येत नाही."

"कुणाचं का असंना," सिद्धू म्हणाला. तो उभा राहिला होता, हात जोडून, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. "कुणाचं का असंना डॉक्टरसाहेब. आमच्या अण्णाचं न्हाई. दत्तानं ऐकलं माझं."

आणि तो वाकून डॉक्टरांच्या पाया पडायला गेला.

बघा, इथं गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. डॉक्टरांनी लॅबला दोष दिला होता, पोरगा खूश होता, घरी पद्माबाई पेढे वाटणार होती. भीमाशंकर वाचला होता, दोन्ही अंगांनी वाचला होता. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. त्यानं सिद्धूची वाकलेली पाठ बघितली. आणि त्याला इतकं भ्या वाटलं, इतकं, की सुईचं, आकड्याचं, अंकुशरावाच्या तिरडीचं सगळं भ्या मिळून त्याच्या पासंगाला पुरलं नसतं.

"डॉक्टर," तो म्हणाला. "ते ह्याचं हाय."

"कुणाचं?"

"ह्याचं. सिद्धूचं. नळी बदलली न्हाई कुणी. मीच ह्याला आत धाडला माझ्या नावावर. मला भ्या वाटलं."

सिद्धू अर्धवट वाकलेला होता तो तसाच सरळ झाला. अनिलकुमार बापाकडं बघत राहिला, त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"अप्पा, तुमी माणूस हाव का कोण?" तो म्हणाला. "काकाला?"

"थांब अनिल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला, सिद्धूला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. लघवी अडते का, किती दिवस, पाठ दुखते का, कंबर दुखते का. सिद्धू उत्तरं देत होता, एकेका शब्दानं, आणि बघत होता भीमाशंकरकडं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हे बघा सिद्धू," डॉक्टर शेवटी म्हणाले, "चौदा आला म्हणजे कॅन्सरच असं नाही. ग्रंथी सुजली तरी वाढतो, जंतू झाले तरी वाढतो. पण सख्ख्या भावाला झालेला असला की आम्ही सोडत नाही. आज पुन्हा रक्त घेऊ. तेवढंच आलं तर स्कॅन करू, लागलं तर सुईनं तुकडा काढून बघू. आत्ता तरी कळलं, हे चांगलं झालं."

"चांगलं झालं," सिद्धू म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

रक्त घेण्याच्या खोलीबाहेर बाक होता. अनिलकुमार कागद करायला गेला, जाताना त्यानं काकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बापाकडं बघितलंही नाही. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. समोरून नर्स ये-जा करत होत्या. कुणाचा तरी फोन सारखा वाजत होता.

"सिद्धू, मला मार," भीमाशंकर म्हणाला. "हितंच मार. लोकांनी बघितलं तरी चालंल."

सिद्धूनं मान हलवली. घागर एका हातानं उतरवणारे हात त्यानं मांडीखाली दाबून धरले.

"दुखतंय का लई?" सिद्धूनं विचारलं. "ते ऑपरेशन?"

पद्माबाईलाही भीमाशंकरनं कधी खरं सांगितलं नव्हतं. आता त्यानं सांगितलं. दुखणं आठ-पंधरा दिवसांत जातं, नळीचं अवघडल्यासारखं होतं, मग धोतर ओलं होतं, मग लाज वाटते, दार लावून रडू येतं, मग तेही हळूहळू कमी होतं. "ते सगळं सोसतंय सिद्धू. सोसत न्हाई ते भ्या. आकडा यायच्या आधीचं भ्या. त्यानं माणूस नासतो. माझ्याकडं बघ."

सिद्धूनं सगळं ऐकून घेतलं. अंगरख्याची बाही कोपरापर्यंत वर केली, पुन्हा खाली घेतली. त्याला प्रतीक्षा आठवली असेल, त्याची धाकटी लेक, बसवकल्याणला कॉलेजात असलेली. किंवा काहीच आठवलं नसेल. आतून बाईनं हाक मारली, सिद्धू कोण?

तो उठला नाही.

"अण्णा," तो अगदी हळू म्हणाला, "तुला भ्या वाटलं तर तू माझं रगत दिलंस. मला वाटायलंय. मी कुणाचं देऊ?"

आतून बाईनं पुन्हा हाक मारली, तेव्हा भीमाशंकरनं भावाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि दोघंही आत गेले.